सर्कशीच्या दिवशीचा भात

माझ्या थोरल्या जावेला पाचव्या महिन्यात डोहाळे लागले ते सर्कशीचे. चिंचा, आवळे, चुलीची भाजकी माती हे आम्हाला सगळ्यांना समजलं असतं. पण ती एका सकाळी सासूबाईंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मला मुंबईची सर्कस बगायचीय. आनि खानावळीत बसून आयतं जेवायचंय. दुसरं कायबी नको." पोशीरसारखं गाव, भात कापून खळ्यावर येऊन पडलेला, घरात पाणी प्यायला कोणाला सवड नाही, आणि सून म्हणते सर्कस. मी हातातला झाडू तसाच धरून उभी राहिले.

हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं आमच्या ह्यांनी. ते मुंबईला एका छापखान्यात कामाला होते. पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. दोन-तीन महिन्यांनी घरी आले की ओटीवर बसून रंगवून रंगवून सांगायचे. दिवाळी सरली की मुंबईत मजेचे दिवस लागतात, मैदानात सर्कशीचा तंबू पडतो, नाटकवाले येतात, लोक बायकामुलं घेऊन फिरायला निघतात आणि बाहेरच जेवतात. मी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची, थोरली चुलीपाशी बसून ऐकायची. नवरा माझा, गोष्टी माझ्या नवऱ्याच्या, आणि डोहाळे लागले तिला. मला राग आला होता, हे लिहायला आता लाज कसली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी मुंबईचं तोंड पाहिलं नव्हतं.

आमचं दोघींचं तसंही फारसं पटत नव्हतं. मी नेरळजवळच्या एका गावातल्या शाळामास्तराची मुलगी. चौथीपर्यंत शिकलेली. शेतीची कामं मला सासरी येऊन शिकावी लागली. ती शेतकऱ्याच्या घरातली, हातापायाने दणकट, जिभेने त्याहून दणकट. माझी लावणीची ओळ वाकडी गेली की म्हणायची, "मास्तराच्या पोरी, भात पाटीवर उगवत नाय गं." सगळ्या बायका हसायच्या.

पण तिच्या मागे जे लागलं होतं ते माझ्या रागाहून फार मोठं होतं. तिची दोन मुलं गेली होती. पहिलं जन्मल्यावर आठवड्याने गेलं. दुसऱ्या खेपेला नवे पोहे कांडताना तिने चिमूटभर तोंडात टाकले, गावदेवीला नैवेद्य जायच्या आधी. शेजारणीने पाहिलं. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं आणि ती चिमूट गावाच्या तोंडी झाली. आमच्या भागात नवा तांदूळ आधी देवीला, मग घरच्या देवाला, आणि मग माणसांना. आमच्या घरचं नवं, म्हणजे नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य, मार्गशीर्षात होत असे, सगळी मळणी आटोपल्यावर. तोवर घरात जुना तांदूळ शिजायचा, संपत आला असला तरी.

ह्या तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी देवीपुढे नारळ ठेवून नवस केला की, नवं होईपर्यंत हिच्या ओठाला नवा दाणा लागणार नाही, तू एवढं मूल पदरात टाक. सासऱ्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. खालापूरच्या बाजूची एक मुलगी त्यांनी मोठ्या मुलासाठी बघून ठेवली होती आणि मध्यस्थाला सांगितलं होतं, शिमग्यापर्यंत थांबा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, थोरलीलाही.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. त्या स्वतः सवतीवर आलेल्या. पहिलीने उरलेलं आयुष्य गोठ्याशेजारच्या पडवीत काढलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या सासऱ्यांना म्हणाल्या होत्या, "तिनं नेम मोडला, तर खुशाल दुसरी आना. मी एक शबूद बोलनार नाय. पन नेम पाळून बी देवानं नाय दिलं, तर तो तिचा दोस नाय. मग ह्या घरात दुसरी येनार नाय." सासरे हो म्हणाले होते. माझ्या सासूचा शब्द सासरेही मोडत नसत.

तर असा एका बाजूने नेम आणि दुसऱ्या बाजूने डोहाळे. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात, हेही आमच्याकडे तितकंच पक्कं. सासूबाईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. आमचे हे सुट्टीवर आलेच होते, ते परत जाताना आम्हा दोघींना घेऊन जातील, सर्कस दाखवतील, जेवू घालतील आणि संध्याकाळच्या गाडीने नेरळला आणून सोडतील. थोरले दीर बैलगाडी घेऊन स्टेशनावर येतील.

"आनि खानावळीतला भात?" सासऱ्यांनी विचारलं.

"मुंबईत कुटं शेत हाय?" सासूबाई म्हणाल्या. "तितं नवा भात येनार कुटनं? दुकानात पोत्यातला जुनाच तांदूळ असनार."

ओटीवरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नवा तांदूळ म्हणजे जो आपल्या खळ्यावरून येतो तो. जिथे खळंच नाही तिथे नवा तांदूळ कसा असेल? हे कोणालाच खुळेपणाचं वाटलं नाही. निघताना सासूबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. "तू शिकलेली हायेस. तिच्या ताटावर लक्ष ठेव." मी हो म्हटलं. मला वाटलं, म्हणजे निदान मला पाठवण्याचं काही कारण तरी आहे.

पहाटे निघून नेरळला गाडी धरली. बोरीबंदरला उतरल्यावर थोरलीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. माणसांच्या गर्दीला ती घाबरली नव्हती; आपल्याला कोणी धक्का देईल याला घाबरली होती. एक हात माझ्या हातात, एक पोटावर. आमचे हे पुढे, मध्ये ती, मागे मी, अशी वरात ट्राममधून गिरगावाकडे गेली.

खानावळ एका चाळीच्या तळमजल्यावर होती. पुढच्या खोलीत पुरुष जेवत आणि मागे पडद्याआड बायकांसाठी दोन लांब टेबलं. खानावळीची मालकीण आमच्याच बाजूची, पनवेलकडची, थोराड बाई. थोरलीचं पोट बघून तिने तिला भिंतीशी बसवलं आणि म्हणाली, "सावकाश जेव गं बाय. इतं कोन उटवनार नाय."

थोरली बाकावर बसली आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून इकडेतिकडे बघू लागली. घरी ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. भांड्याच्या तळाला जे उरेल ते. पाचव्या महिन्यापर्यंत तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. खाल्लेलं परसात जाऊन टाकायची आणि परत कामाला लागायची. इथे तिच्यापुढे ताट आलं, ताटात चपाती, वांग्याची भाजी, वाटीत कोलंबीचं कालवण, आणि वाढणारी दुसरीच बाई. थोरली माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी कधी हसली नव्हती.

मग भात आला.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मला शीत तोंडात घालायचीही गरज पडली नाही. ताटात पडल्याबरोबर वाफेतून तो गोडसर वास आला, ओल्या पेंढ्याच्या जवळचा. शीत शिताला धरून बसलेलं, वरून चकाकणारं. जुना भात मोकळा होतो, कालवण ओतलं की तळाशी उतरू देतो. ह्याच्यावर कालवण वरच राहिलं. मी एक शीत बोटांत चिरडलं. लगदा झाला. शंकाच नको. आमच्या खळ्यावर मळणी चालू असताना कोणीतरी आपला भात आधीच विकला होता, आणि तो आमच्या आधी मुंबईला पोचला होता.

मी थोरलीकडे पाहिलं. तिने कालवून तीन घास खाल्लेही होते. चौथा हातात होता. डोळे मिटून खात होती.

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. पहिल्यांदा आलं की ओरडून हात धरावा. लगेच आलं की आता धरून काय उपयोग, नेम तर मोडला. एक घास काय आणि ताटभर काय. मग आलं की मी बोलले तर हे घरी जाऊन सांगावं लागेल, आणि सांगितलं की खालापूरची मुलगी आलीच. आणि त्याच्या मागे आणखीही एक होतं: ही माझ्या हातात आली. मला पाटीवरच्या भाताचे टोमणे मारणारी ही बाई आता माझ्या हातात आली. तेही आलं होतं, आणि मी ते झटकलं नाही.

मी माझा भात खाल्ला. तिने तिचा खाल्ला आणि आणखी मागून घेतला.

सर्कस दुपारची होती. तंबूत फळ्यांवर आम्ही बसलो, आणि बँड वाजायला लागला तसा माझ्या छातीत तो भात येऊन बसला. हत्ती आले, घोडे आले, वाघाच्या पिंजऱ्यात माणूस शिरला. मला जन्मात पहिल्यांदा दिसलेल्या त्या सगळ्या गोष्टींतली एकही मी नीट पाहिली नाही. मी थोरलीचं पोट बघत होते. झोक्यावरच्या मुली वर चढल्या, त्यांतली एक झोका सोडून दुसरीकडे झेपावली, हात चुकला आणि खालच्या जाळीत पडली. सगळा तंबू उभा राहिला. ती मुलगी हसत उठली, पण थोरली वाकली होती. दोन्ही हात ओटीपोटावर.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. कळ आली." तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"घरी जाऊ या."

"गप बस. त्यास्नी सांगू नकोस." ती परत ताठ बसली. "संपू दे."

आमचे हे दोन फळ्या खाली बसून टाळ्या वाजवत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी परतीच्या वाटेवर धड बोलले नाही. त्यांना वाटलं मी मुंबईला राहायचा हट्ट धरून बसले आहे.

गाडीत ठाण्यापर्यंत तिला दोनदा कळ आली. मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते, की तुला भांडायचं तर माझ्याशी भांड, मला कळलं होतं, तिला नव्हतं. कल्याण गेलं, बदलापूर गेलं. कळा हळूहळू थांबल्या. नेरळला थोरले दीर बैलगाडी घेऊन उभे होते. त्यांनी गाडीत पेंढा पसरून वर घोंगडी घातली होती. तिला हाताला धरून चढवलं, आणि मला ते बघवलं नाही.

दारातच सासूबाईंनी विचारलं, आणि विचारलं ते मला. "भात जुना व्हता ना गं?"

"जुना होता, आत्याबाई. मोकळा झाला होता."

इतक्या सफाईने मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. थोरली माझ्या मागे पाय धूत उभी होती. तिने तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. ती उठली की मी बघायची, बसली की बघायची, परसात गेली की उशीर का लागला म्हणून मागे जायची. जड भांडं तिच्या हातातून ओढून घ्यायची. बायका म्हणायला लागल्या, जावाजावांत एवढी माया बघितली नव्हती. मार्गशीर्षात आमच्या घरचं नवं झालं, देवीला नैवेद्य गेला, सगळ्यांनी नवा भात खाल्ला. मला वाटलं, आता सुटलो.

पौषात, सातव्या महिन्यात, एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली. मुलगा झाला. इतका लहान, की सुईणीने त्याला दोन्ही तळव्यांत धरलं होतं. तो रडला नाही. दिवस मावळायच्या आत गेला.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मध्यस्थाला बोलवायची गोष्ट काढली. सासूबाई उठल्या, कणगीतून सूपभर नवा तांदूळ काढला आणि माजघरात आणून ठेवला. सासरे, थोरले दीर, सगळे उभे. थोरली आतल्या खोलीत बाजेवर, दार उघडं. सासूबाई मला म्हणाल्या, "ह्या दान्यावर हात ठेव. उद्या तुज्या पोटाला पोरं येतील, त्यांची आन घे. आनि सांग, मुंबईत तिनं जुना भात खाल्ला का नवा?"

मी हात ठेवला. तांदूळ थंड होता. आतून थोरली बोलली नाही, हलली नाही. मी म्हटलं, "जुना."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. "झालं? नेम पाळला तिनं. मग हा दोस देवीचा, नायतर आपल्या नशिबाचा. खालापूरला सांगून धाडा, पोरगी दुसरीकडं द्या म्हनावं." आणि सूप उचलून त्या आत गेल्या. सासरे ओटीवर जाऊन बसले. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

भाताने कोणी मरत नाही. हे मला आज कळतं, तेव्हाही थोडंसं कळत होतं, मास्तराची मुलगी होते. पण कळणं वेगळं आणि दोन वर्षांनी माझा पहिला मुलगा झाला तेव्हा रात्र रात्र त्याच्या छातीवर हात ठेवून जागणं वेगळं. तो जगला. पाठोपाठ थोरलीला मुलगी झाली, तीही जगली. मग माझा दुसरा. घर भरलं. थोरलीचे टोमणे पुन्हा सुरू झाले, पण मला ते लागेनासे झाले. ती काही बोलली की मी मनात म्हणायची, बोल बाई, तू ह्या घरात कोणामुळे आहेस ते मला माहीत आहे.

सर्कशीनंतर नऊ वर्षं गेली. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या ह्यांनी पुन्हा बेत काढला. मुलं सर्कस सर्कस करून घर डोक्यावर घेत होती, थोरलीची मुलगी सगळ्यांत जास्त. ठरलं की सगळ्यांनी जायचं. थोरली म्हणाली, "तुमी जावा. मी नाय येत."

आम्ही दोघीच होतो, पडवीत जुना तांदूळ निवडत. मी चिडवलं, "का गं बाय? डोहाळे लागले तेव्हा तर गाव डोक्यावर घेतलं होतंस."

तिने दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग मान वर न करता म्हणाली, "तुला सांगू? आता सांगायला हरकत नाय. तो भात नवा व्हता."

माझे हात थांबले.

"मला पयल्याच घासाला कळलं. हाताला लागला तवाच कळलं. पन लई भूक व्हती गं. पाच म्हैने भूक व्हती. मी खाल्ला. दुसऱ्यांदा मागून खाल्ला. आनि माजा पोरगा गेला." ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, कुठला बैल कधी विकला ते सांगावं तसं. "तू मास्तराची पोर, तुला भातातलं काय कळनार. तू खरं समजून हात ठेवलास. मी आतनं सांगनार व्हते, की मी खाल्लाय, काडा मला घरातनं. पन तू पोरांची आन घेतलीस. मी खरं बोलले असते तर तुजी आन खोटी पडली असती, तुज्या पोरांवर गेलं असतं. म्हनून गप ऱ्हायले. तुजा पोरगा जरा तापला की अजून मी रातभर जागते."

तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच ताटावर बसून होतो आणि तिला वाटत होतं ती एकटीच बसली आहे. मी म्हटलं, "मलाही कळलं होतं. वासावरूनच."

तिने मान वर केली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मग नऊ वर्सं मला एकटीला का ठेवलंस गं?"

मी म्हटलं, सुचलं नाही, भीती वाटली, असंच काहीतरी. तिने ऐकून घेतलं आणि सूप उचलून आत निघून गेली. त्यानंतर ती मला टोमणे मारेनाशी झाली. खरं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. नऊ वर्षं मी मनातल्या मनात तिला वाचवलेली बाई होते, तिच्याहून वरची होते, आणि एकदा सांगून टाकलं असतं तर आम्ही दोघी सारख्या झालो असतो. हे मी तिला कधीच सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही.